बुरशीच्या पेशीपटलातल्या आयन चॅनेल्सना भोवताल ‘कळतो’ म्हणजे नेमकं काय होतं?

एका वर्षाच्या प्रकल्पाच्या आराखड्यासोबत आलेला प्रश्न थोडक्यात असा होता. बुरशीला डोळे नाहीत, मज्जातंतू नाहीत. तरीही बाहेर मीठ वाढलं, आम्लता बदलली, पाणी कमी पडलं किंवा कशाचा नुसता स्पर्श झाला, तरी काही सेकंदांत तिच्या पेशीत धावपळ सुरू होते. पेशीपटलातल्या आयन चॅनेल्सना हे कळतं कसं? आणि हे प्रयोगशाळेत मोजायचं तर पॅच-क्लॅम्पच (काचेच्या नळीनं एकेका चॅनेलचा प्रवाह पाहण्याची पद्धत) करावं लागेल का?

यीस्ट आणि तंतुमय बुरशांवर सूक्ष्म इलेक्ट्रोड घेऊन बसण्यात माझी बरीच वर्षं गेली आहेत, त्यामुळे उत्तर लांबणार आहे. आधी एक गोष्ट मोकळेपणानं सांगतो: चॅनेलला काहीही कळत नाही. ते पटलात रुतलेलं एक प्रथिन आहे, मधून भोक असलेलं. भोक उघडं असतं किंवा बंद असतं, आणि ते उघडण्याची शक्यता काही मोजक्या गोष्टींनी बदलते: पटलावरचा विद्युतदाब, पटलाचा ताण, एखादा आयन किंवा रेणू येऊन चिकटणं, आणि पेशीतल्या दुसऱ्या एखाद्या प्रथिनानं त्याच्यावर फॉस्फेट चढवणं वा उतरवणं. भोवतालातला कुठलाही बदल शेवटी यांपैकी एखादी कडी ओढतो. म्हणून ‘चॅनेल प्रतिसाद देतं का?’ असं न विचारता ‘कोणती कडी ओढली गेली?’ असं विचारायची सवय लावून घ्या. निम्मा गोंधळ तिथंच मिटतो.

उरलेला निम्मा गोंधळ पंपाकडे दुर्लक्ष केल्यानं होतो.

पाठ्यपुस्तकं चेतापेशीपासून सुरू होतात, म्हणून विद्यार्थीही चेतापेशीचं चित्र डोक्यात घेऊन बुरशीकडे येतात. चेतापेशीचा आतला भाग बाहेरच्या तुलनेत साधारण उणे ७० मिलिव्होल्टवर असतो आणि तिचा संसार सोडियम-पोटॅशियम पंपावर चालतो. बुरशीचा संसार प्रोटॉन पंपावर चालतो. यीस्टमध्ये त्याचं नाव पीएमए-१. एटीपी, म्हणजे पेशीचं इंधन, जाळून हा पंप प्रोटॉन बाहेर फेकत राहतो, आणि पेशीच्या एकूण एटीपीतला पाचवा हिस्सा किंवा त्याहूनही जास्त एकटा खातो. १९६५ साली क्लिफर्ड स्लेमन यांनी न्यूरोस्पोरा क्रासा या बुरशीच्या तंतूत काचेचा सूक्ष्म इलेक्ट्रोड खुपसून विभव, म्हणजे पटलाच्या आतबाहेरच्या विद्युतदाबातला फरक, मोजलं, ते भरलं सुमारे उणे २०० मिलिव्होल्ट. मग त्यांनी अझाइड देऊन श्वसन बंद पाडलं. एखाद्या मिनिटात ते विभव उणे ३० मिलिव्होल्टच्या आसपास घसरलं. पोटॅशियम, सोडियम तेवढ्या वेळात कुठं पळून गेले नव्हते. थांबला होता फक्त एटीपीचा पुरवठा. म्हणजे ही वीज साठवणीची नाही, क्षणोक्षणी तयार होणारी आहे.

दोनशे मिलिव्होल्ट ऐकायला किरकोळ वाटतात. पण पटलाचा तेलकट गाभा जेमतेम ५ नॅनोमीटर जाड असतो. भागाकार केला तर दर मीटरला चार कोटी व्होल्ट येतात. कोरड्या हवेत साधारण तीस लाखांवर ठिणगी पडते. एवढ्या क्षेत्रात बसलेल्या प्रथिनावरचे विद्युतभारित भाग सतत ओढले जात असतात, आणि हा ओढा कमी-जास्त झाला की ते हलतात. व्होल्टेजनं चालणारं चॅनेल म्हणजे एवढंच.

आता आणखी एक हिशेब. नव्या विद्यार्थ्याला मी तो कागदावर करायला लावतोच. यीस्टची पेशी साधारण ५ मायक्रोमीटर व्यासाची धरा. तिच्या पटलाची विद्युतधारिता, म्हणजे भार साठवण्याची क्षमता, सुमारे ०.८ पिकोफॅरड भरते. विभव १०० मिलिव्होल्टनं बदलायला लागणारा भार म्हणजे अंदाजे पाच लाख आयन. त्याच पेशीत पोटॅशियमचे आयन आहेत काही अब्ज. म्हणजे दहा हजारांतला एक आयन इकडचा तिकडे झाला की पेशीची विद्युत अवस्था पार बदलते, आणि आतल्या पोटॅशियमच्या प्रमाणात मात्र कसलाही फरक दिसत नाही. उघड्या चॅनेलमधून एक पिकोअँपिअर प्रवाह वाहिला तर सेकंदाला साठ लाखांवर आयन जातात. मग पाच लाखांना वेळ किती? सेकंदाचा दहावा भागही नाही.

एक चॅनेल. सबंध पेशीत एक. ते क्षणभर उघडलं तरी पेशीभर त्याचे पडसाद उमटतात. यीस्टवर काम करणाऱ्यानं ‘चॅनेल्स किती आहेत’ यापेक्षा ‘एक किती वेळ उघडं राहतं’ याची काळजी जास्त करावी, ती यासाठी. अर्थात पंप चालू असतो, तो लगेच भरपाई करू लागतो. प्रत्यक्षात दिसतं ते या दोघांच्या ओढाताणीचं फळ.

व्होल्टेजच्या कडीचं सगळ्यात चांगलं उदाहरण म्हणजे यीस्टचं टॉक-१ हे पोटॅशियम चॅनेल. यीस्टच्या पटलावर पॅच-क्लॅम्प पहिल्यांदा जमलं ते १९८६ साली, विस्कॉन्सिनमधल्या चिंग कुंग यांच्या गटाकडून, आणि त्यात व्होल्टेजला दाद देणारा पोटॅशियम प्रवाह दिसला. त्यामागचं जनुक १९९५ मध्ये हाती लागलं. या प्रथिनाची ठेवण गंमतशीर आहे: एकाच साखळीत आयन गाळणारे दोन भाग, आणि पटल आठ वेळा ओलांडणारी रचना. अशा घडणीचं चॅनेल बुरशांबाहेर सापडत नाही. उणे २०० मिलिव्होल्टवर ते बंद असतं. विभव पोटॅशियमच्या समतोल-विभवापेक्षा (ज्या विभवावर पोटॅशियमची आत-बाहेर ये-जा सारखीच होते) वर सरकलं की उघडतं आणि पोटॅशियम बाहेर सोडतं, म्हणजे पेशीचं आतलं अंग पुन्हा ऋण होतं. मजा अशी की बाहेरचं पोटॅशियम वाढवलं की उघडण्याची ही पातळीही त्याबरोबर सरकते. चॅनेलचं बाहेरचं तोंड पोटॅशियमला जागा देतं आणि त्यावरून दार ठरतं. नुसतं व्होल्टेज नाही आणि नुसतं पोटॅशियमही नाही, या दोहोंतला फरक जणू तपासला जातो. त्यामुळे या दारातून पोटॅशियम बाहेर जाऊ शकतं, पण आत यायला ते फारसं उपयोगाचं नाही.

मग आत येतं कुठून? इथं एक भ्रम मोडायला हवा. पोटॅशियम अत्यंत विरळ असलेल्या पाण्यात, समजा लिटरला १० मायक्रोमोल असताना, बुरशी आत दीडदोनशे मिलिमोल साठवते. उणे २०० मिलिव्होल्टच्या ओढीवर नुसत्या चॅनेलनं जास्तीत जास्त अडीच-तीन हजारपट साठा होईल, म्हणजे २५-३० मिलिमोल. बाकीचं त्या दारानं येऊच शकत नाही. न्यूरोस्पोरात १९८६ साली दाखवलं गेलं की तिथं प्रत्येक पोटॅशियमबरोबर एक प्रोटॉनही आत घेतला जातो, म्हणजे पंपानं बाहेर टाकलेल्या प्रोटॉनच्या परतीच्या प्रवासाचं भाडं पोटॅशियम वसूल करतो. बाहेर पीएच ५ आणि आत ७ असेल तर या प्रोटॉनची एकूण ओढ ३०० मिलिव्होल्टच्या वर जाते. बाहेरची आम्लता बदलल्यावर जे परिणाम दिसतात, त्यातले पुष्कळ चॅनेल्सचे नसून या ओढीचे असतात. यीस्टमध्ये पोटॅशियम आत आणण्याचं काम टीआरके-१ आणि टीआरके-२ ही प्रथिनं करतात. ती दोन्ही काढून टाकलेलं यीस्ट विरळ पोटॅशियमवर उपाशी मरतं. १९९२ साली याच उपाशी यीस्टमध्ये वनस्पतीची जनुकं घालून, जी पेशी जगली तिच्यातून, वनस्पतींची पोटॅशियम चॅनेल्स पहिल्यांदा शोधली गेली. मला ही युक्ती आजही उपकरणांच्या ढिगापेक्षा सरस वाटते.

आता ताणाची कडी. माझ्या मते बुरशीच्या बाबतीत सर्वात रंजक आणि सर्वात जास्त चुकीची सांगितली जाणारी गोष्ट हीच.

नेहमीचं स्पष्टीकरण असं: पाणी आत शिरलं, पेशी फुगली, पटल ताणलं गेलं, चॅनेल उघडलं. ऐकायला सरळ. पण हिशेब करा. पेशीच्या आतला दाब, म्हणजे टर्गर, अर्धा मेगापास्कल धरा; मोटारीच्या टायरच्या दुप्पट. अडीच मायक्रोमीटर त्रिज्येच्या गोलावर त्यामुळे येणारा ताण दर मीटरला सहाशे मिलिन्यूटनच्या वर जातो. मेदाचं पटल दहाच्या आसपास फाटतं. म्हणजे हा दाब पटल पेलतच नाही, पेलते ती पेशीभित्तिका. पटल भिंतीला आतून टेकलेलं असतं, सायकलच्या ट्यूबनं टायरला टेकावं तसं. मग ट्यूबला ताण कधी जाणवतो? टायर जिथं मऊ पडतो तिथं. वाढणाऱ्या टोकाशी, नव्यानं फुटणाऱ्या अंकुराशी, भिंतीला बाहेरून काही टोचतं तिथं, किंवा बाहेरचं पाणी एकदम गोडं झाल्यावर भिंत ताणून मोठी होते त्या काही क्षणांत. ताणाची चॅनेल्स सरासरी दाब मोजत नाहीत. भिंत आणि पटल यांच्या जुळणीत कुठं बिघाड झाला, हे त्यांच्यामुळे उघड होतं. ‘टर्गर सेन्सर’ हा शब्द वाचला की म्हणून मी जरा सावध होतो.

यीस्टमध्ये असं चॅनेल १९८८ साली कुंग यांच्याच गटानं दाखवलं. पिपेटमध्ये हलकं शोषण दिलं की ते उघडायचं, आणि दहाएक मायक्रोमोल गॅडोलिनियम या धातूच्या आयननं बंद पडायचं.

पण खरी कमाल घेवड्यावरच्या तांबेरा बुरशीनं केली आहे. युरोमायसिस अपेंडिक्युलेटस हे तिचं शास्त्रीय नाव. या बुरशीचा बीजाणू पानावर रुजतो, तंतू पानावरून सरपटतो आणि पर्णरंध्र शोधतो, कारण आत शिरायची वाट तीच. डोळे नसताना शोधतो कसा? पर्णरंध्राच्या कडेला ओठासारखी एक उंच कड असते. १९८७ साली हार्वे होक आणि सहकाऱ्यांनी प्लास्टिकच्या पृष्ठभागावर वेगवेगळ्या उंचीच्या कडा कोरल्या आणि त्यावर बीजाणू रुजवले. ०.५ मायक्रोमीटरच्या कडेशी तंतू थांबले आणि आत घुसायचा अवयव बनवू लागले. ०.२५ पेक्षा बुटक्या आणि १ मायक्रोमीटरपेक्षा उंच कडांकडे त्यांनी ढुंकूनही पाहिलं नाही. ना पान, ना पानाचा वास, नुसत्या प्लास्टिकच्या उंचवट्यावर सगळा निर्णय. चार वर्षांनी, १९९१ मध्ये, त्याच बुरशीच्या पटलात ताणानं उघडणारं एक मोठं चॅनेल सापडलं, कॅल्शियमला वाट देणारं. गॅडोलिनियमनं ते बंद होतं, आणि त्याच गॅडोलिनियमच्या उपस्थितीत तंतू कडेशी थांबणंही बंद होतं. एकाच औषधानं दोन्ही गोष्टी बंद पडणं हा शंभर टक्के पुरावा नव्हे. गॅडोलिनियम इतरही बऱ्याच ठिकाणी जाऊन बसतं. पण दिशा पक्की दिसते.

माणसाला संसर्ग करणाऱ्या कँडिडा अल्बिकन्स या बुरशीबाबत तर जनुकीय पुरावाही आहे. तिचे तंतू कडेला धडकले की वळतात. सीसीएच-१ किंवा मिड-१ ही जनुकं काढली की हे वळणं बरंच कमी होतं, असं २००७ साली दाखवलं गेलं. वाढ होत राहते, वळण हरवतं.

आता या दोन नावांकडे येतो, कारण कॅल्शियमशिवाय हे उत्तर पुरं होणार नाही.

बुरशीच्या पेशीद्रवात मोकळं कॅल्शियम लिटरला सुमारे ०.१ मायक्रोमोल असतं आणि बाहेर बहुधा मिलिमोलच्या घरात. दहा हजारपट उतार, त्यात उणे २०० मिलिव्होल्टची ओढ. दार किलकिलं झालं तरी पूर. म्हणूनच बातमी पोहोचवण्यासाठी पेशी कॅल्शियम वापरते: एरवी घर इतकं शांत ठेवलेलं असतं की कुजबुजही ऐकू येते. मिड-१ हे नाव एका विचित्र उत्परिवर्तनावरून पडलं. जोडीदाराच्या गंधाचं फेरोमोन मिळालं की हे यीस्ट वाढ थांबवून प्रतिसाद देत असे, पण पुरेसं कॅल्शियम आत घेऊ न शकल्यानं मरत असे. पुढं सीसीएच-१ सापडलं, जे प्राण्यांच्या व्होल्टेज-चलित कॅल्शियम चॅनेलच्या मुख्य घटकासारखं दिसतं. दोघं मिळून काम करतात.

‘प्राण्यांच्या कॅल्शियम चॅनेलसारखं’ एवढ्यावर थांबलात तर मात्र फसाल. अनुक्रमांची तुलना केली तर सीसीएच-१चा जवळचा नातलग प्राण्यांतलं एनएएलसीएन हे चॅनेल ठरतं, जे चेतापेशीत बारीक गळतीचा प्रवाह वाहू देतं. आणि मिड-१चा नातलग ठरतं त्याच एनएएलसीएनच्या जोडीला असणारं फॅम-१५५ए. म्हणजे जोडीच्या जोडी वंशपरंपरेनं आलेली दिसते. त्यामुळे हृदयाच्या पेशीतलं कॅल्शियम चॅनेल जसं व्होल्टेजवर फटकन उघडतं तसं इथं धरून चालू नका. मिड-१ एकटंच ताणानं उघडतं, असा दावा १९९९ मध्ये सस्तन प्राण्याच्या पेशीत ते घालून केला गेला. पण माझा कल मिड-१ला सीसीएच-१चा साथीदार मानण्याकडे आहे.

बाहेरचं दार हे एकच दार नाही. बाहेर मीठ किंवा साखर एकदम वाढली, पेशी आकसली, की पहिलं कॅल्शियम बाहेरून येत नाही, रिक्तिकेतून, म्हणजे पेशीतल्या साठवणीच्या पिशवीतून, येतं. रिक्तिकेच्या पटलात वायव्हीसी-१ नावाचं चॅनेल आहे. ते आपल्याला तिखट-गरम जाणवून देणाऱ्या टीआरपी घराण्यातलं. पेशीद्रवातलं कॅल्शियम, पटलाचा ताण आणि पटलातला एक खास फॉस्फेटयुक्त मेद, तिन्ही कड्या त्याला आहेत. २००२ साली यीस्टमध्ये दाखवलं गेलं की हे जनुक काढलं तर मिठाच्या धक्क्यानंतरची कॅल्शियमची उसळी जवळपास नाहीशी होते. उलट बाहेरचं पाणी गोडं केलं तरीही उसळी येते, पण तिचा आकार, उंची आणि वेळ वेगळी. ज्याच्या प्रयोगात सगळ्या धक्क्यांना एकसारखीच उसळी येते, त्यानं आधी आपला पिपेट नीट तपासावा: बहुधा द्रव ओतण्याच्या धक्क्यालाच पेशी उत्तर देत असतात.

उसळी आल्यावर पुढं काय? कॅल्शियम कॅल्मोड्युलिन या प्रथिनाला चिकटतं, ते कॅल्सिन्युरिन या विकराला जागं करतं, ते सीआरझेड-१ नावाच्या प्रथिनावरचे फॉस्फेट उतरवतं, आणि सीआरझेड-१ केंद्रकात जाऊन जनुकं चालू करतं. त्यात कॅल्शियम रिक्तिकेत भरणारा पंप येतो, सोडियम बाहेर फेकणारा पंपही येतो. २००८ साली एकेका पेशीचं चित्रण करून एक सुंदर गोष्ट दिसली. सीआरझेड-१ केंद्रकात जाऊन बसत नाही, ये-जा करतं: एक खेप दोनेक मिनिटांची. बाहेर कॅल्शियम वाढवलं तर खेप लांबत नाही, खेपा वाढतात. शंभर पेशींची सरासरी काढलीत की हे सगळं पुसलं जातं आणि गुळगुळीत रेघ मिळते. पेशीनिहाय पाहण्याचा आग्रह मी धरतो तो यामुळेच. शिवाय कॅल्सिन्युरिन उलट फिरून सीसीएच-१ आणि मिड-१च्या दारालाही आवर घालतं. म्हणून औषधानं कॅल्सिन्युरिन बंद केलं की कॅल्शियम आत येणं वाढलेलं दिसतं, आणि नवखा माणूस म्हणतो, ‘औषधानं चॅनेल उघडलं.’ औषध चॅनेलच्या जवळही गेलेलं नसतं.

हे केवळ पुस्तकी नाही. फ्लुकोनॅझोल हे बुरशीविरोधी औषध कँडिडाची वाढ रोखतं, पण मारतंच असं नाही. त्यानं अर्गोस्टेरॉल हा बुरशीच्या पटलातला मेद बनणं अडलं की पटल बिघडतं, पेशी कॅल्शियम आत घेऊन कॅल्सिन्युरिनच्या मदतीनं तग धरते. टॅक्रोलिमससारखं कॅल्सिन्युरिनरोधक जोडीला दिलं की तग संपतो आणि तेच औषध मारक ठरतं. अडचण ही की टॅक्रोलिमस रुग्णाची प्रतिकारशक्तीही दाबतं, आणि बुरशीचा गंभीर संसर्ग बहुधा ज्यांची प्रतिकारशक्ती आधीच खचली आहे त्यांनाच होतो. वाट दिसते, पण त्या वाटेनं सरळ जाता येत नाही.

फ्लोराइडचं उदाहरण मुद्दाम देतो, कारण त्यात चॅनेल भोवतालाला दादच देत नाही आणि तरी काम चोख करतं. आम्लधर्मी पाण्यात फ्लोराइड प्रोटॉनशी जोडलं जाऊन हायड्रोजन फ्लोराइड होतं. ते विद्युतभाररहित, त्यामुळे पटलातून सहज घुसतं. आतल्या उदासीन पेशीद्रवात ते पुन्हा तुटतं आणि फ्लोराइड आत अडकतं. यीस्टच्या पटलात एफईएक्स नावाची फ्लोराइड चॅनेल्स आहेत, ती कायम उघडी असतात. कसलीही कडी नाही. पण पंपानं आतलं अंग उणे १८० मिलिव्होल्टवर धरलेलं असलं की ऋण फ्लोराइडचा समतोल आत हजारपट कमी प्रमाणावर होतो. विद्युतक्षेत्रच त्याला ढकलून बाहेर काढतं. ही जनुकं काढलेलं यीस्ट नेहमीच्या यीस्टला जाणवणारही नाही इतक्या थोड्या फ्लोराइडवर मरतं. २०१३ सालचं हे काम माझ्या फार आवडीचं.

प्रकाशाबद्दल एवढंच. ब्लास्टोक्लॅडिएला या पाण्यातल्या बुरशीचे शेपटीवाले बीजाणू प्रकाशाकडे पोहतात. प्रकाश झेलणाऱ्या ऱ्होडॉप्सिनलाच जोडलेलं विकर चक्रीय जीएमपी हा निरोप्या रेणू बनवतं आणि ते पोटॅशियमच्या एका चॅनेलला जाऊन चिकटतं. आपल्या डोळ्याच्या पडद्यातही चक्रीय जीएमपी आणि चॅनेल यांचीच जोडी आहे. भूछत्रं आणि यीस्ट ज्या शाखांत येतात तिथं मात्र ही साखळी नाही.

आणि सगळंच चॅनेलकडून होत नाही, हेही लक्षात असू द्या. बाहेरचा पीएच ओळखणारं पालएच, परासरणाचा ताण ओळखून हॉग-१ या प्रथिनाची संदेश-साखळी चालवणारं एसएलएन-१: ही पटलातली प्रथिनं आहेत, पण चॅनेल्स नाहीत. मिठाच्या धक्क्यात दोन्ही वाटा एकाच वेळी चालतात. न्यूरोस्पोरा अशा वेळी पंपाचा जोर वाढवून आयन आत ओढते आणि तासाभरात टर्गर परत मिळवते. सोबत ग्लिसरॉलही साठवते.

अळिंबीच्या ‘विद्युत भाषे’विषयीही विचारणा होती. तंतूंमध्ये विभवाचे झटके येतात हे खरं आहे. न्यूरोस्पोरात ते १९७६ सालीच नोंदवले गेले, आणि १९९५ मध्ये धिंगरी अळिंबीच्या तंतुजालात लाकडाचा तुकडा ठेवल्यावर अशा झटक्यांचा वेग बदलतो असंही दाखवलं गेलं. त्या प्रयोगात इलेक्ट्रोड तंतूत होता. हल्ली मात्र सुया अळिंबीत खोचून तासन्‌तास नोंद घेतात, आणि त्या झटक्यांच्या अंतरांवरून ‘शब्द’ काढतात. सुई पेशीबाहेर आहे, तिच्याभोवतीचं पाणी सुकतं, पुन्हा ओलावतं, धातूच्या पृष्ठभागावर रासायनिक बदल होतो, आणि नोंद मिलिव्होल्टच्या अंशांत हलते. मेलेल्या, उकडलेल्या अळिंबीत तीच सुई तेवढाच वेळ ठेवून घेतलेली नोंद शेजारी नसेल, तर मी तो आलेख पुढं वाचत नाही.

आता मोजण्याबद्दल. पॅच-क्लॅम्प म्हणजे काचेच्या नळीचं टोक पटलाला घट्ट चिकटवून एकेका चॅनेलचा प्रवाह पाहणं. एर्विन नेहर आणि बर्ट साकमान यांनी ते १९७६ साली दाखवलं आणि १९९१ चं नोबेल मिळवलं. बुरशीत अडचण भित्तिकेची. ती विकरांनी पचवावी लागते, आणि उघडी पडलेली पेशी फुटू नये म्हणून सॉर्बिटॉल या साखरेसारख्या पदार्थाच्या दाट द्रावणात ठेवावी लागते. म्हणजे भिंत नाही, टर्गर नाही, भोवती परासरणाचा धक्का. ज्या ताणाचा अभ्यास करायचा तो आधीच पुसून टाकलेला. ॲस्परजिलसच्या तंतूत लेझरनं भिंतीला बारीक खिडकी पाडून हा प्रश्न काहींनी सोडवला, पण ते काम हातखंडा असलेल्या माणसाचं आहे. एका वर्षाच्या प्रकल्पात त्या वाटेला जाऊ नका. चिकटपणा जमेपर्यंतच आठ महिने जातात.

त्याऐवजी तुमच्याकडे न्यूरोस्पोरा असेल तर साधा सूक्ष्म इलेक्ट्रोड वापरा. तिचा मुख्य तंतू १० ते २० मायक्रोमीटर जाड असतो, भिंत असताना, टर्गर असताना विभव मोजता येतं. यीस्टच असेल तर रंगद्रव्यावर आधारित चमक मोजून विभवाचा कल मिळतो, आकडा नाही. टॉक-१ काढलेल्या यीस्टचं विभव ढळलेलं असतं, हे अशाच रंगद्रव्यानं दिसलं होतं. कॅल्शियमसाठी एक्वोरिन किंवा जीकॅम्प यांसारखी चमकणारी प्रथिनं पेशीतच बनवून घ्या. बाहेरून घातलेली रंगद्रव्यं बुरशी फार लवकर रिक्तिकेत कोंबते आणि मग तुम्ही पेशीद्रवाऐवजी रिक्तिका मोजत बसता. उपकरण काहीच नसेल तरी एक चाचणी फुकट आहे. हायग्रोमायसिन बी हा पेशीला विषारी असा धनभारित रेणू आहे, पेशीचं आतलं अंग जितकं ऋण तितका तो जास्त आत ओढला जातो. टीआरके जनुकं काढलेलं यीस्ट त्याला फार लवकर बळी पडतं, आणि पीएमए-१ अधू असलेलं यीस्ट तगून राहतं. थाळीवरच्या ठिपक्यांवरून विभवाचा अंदाज येतो.

गॅडोलिनियम वापरायचं ठरवलंत तर आमची फजिती ऐकून ठेवा. एकदा ताणाचं चॅनेल बंद करायला आम्ही ते नेहमीच्या माध्यमात घातलं. दोन आठवडे परिणाम शून्य. ‘या बुरशीत ते चॅनेल नाहीच’ असा निष्कर्ष लिहायला घेतला होता. मग कुणीतरी नळी उजेडात धरली आणि तळाशी पांढुरका गाळ दिसला. माध्यमात फॉस्फेट होतं, सगळं गॅडोलिनियम त्याच्याशी जोडलं जाऊन खाली बसलं होतं. कार्बोनेटही तेच करतं. फॉस्फेट नसलेलं, सेंद्रिय बफरचं माध्यम घेतलं आणि पहिल्याच दिवशी परिणाम दिसला. त्या नळीवर तारखेची चिठ्ठी लावून ती आम्ही अजून कपाटात ठेवली आहे.

तुमच्या आराखड्यात मीठ घालून कॅल्शियमची उसळी मोजायची आहे, तर किमान एवढं ठेवा: तेवढ्याच परासरणाचं सॉर्बिटॉल, म्हणजे मिठाचा आणि आकसण्याचा परिणाम वेगळा काढता येईल, नुसतंच माध्यम ओतलेली नळी, बाहेरचं कॅल्शियम ईजीटीए या कॅल्शियम पकडणाऱ्या रसायनानं बांधून टाकलेली नळी, आणि वायव्हीसी-१ काढलेलं वाण. ईजीटीए घालताना पीएच पुन्हा तपासा, कॅल्शियम पकडताना ते प्रोटॉन सोडतं, आणि कमकुवत बफरमध्ये तुम्ही कॅल्शियम काढलं असं समजत आम्ल घातलेलं असतं.